तीव्र आम्लारिधर्मी ऋणायन रेझिन प्रयोगशाळेत कसे वापरावे : नवख्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

सांगली, मिरज आणि कुपवाड या पट्ट्यातल्या महाविद्यालयांत, साखर कारखान्यांत आणि औद्योगिक वसाहतीतल्या छोट्या प्रयोगशाळांत आयन विनिमय रेझिनची, म्हणजे द्रावणातले आयन धरून बदल्यात स्वतःवरचे सोडणाऱ्या बारीक मण्यांची, एखादी बाटली कपाटात बहुधा असतेच. ती हाताळायची कशी हे मात्र नव्याने रुजू झालेल्या सहायकाला किंवा एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला कोणी शेजारी बसून सांगितलेले नसते. प्रात्यक्षिकाच्या वहीत कृती चार ओळींत उरकलेली असते आणि त्या चार ओळींच्या मधल्या जागेतच सगळे अडते. हे काम मी अनेक वर्षे स्वतः करत आलो आहे आणि विद्यार्थ्यांकडून करून घेत आलो आहे. जिथे हमखास गोंधळ होतो त्या जागा या लेखात क्रमाने मांडतो.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्या. रेझिनच्या मण्यांवर आत्ता, या क्षणी, कोणता ऋणायन बसलेला आहे हे तुम्हाला सांगता आले पाहिजे. क्लोराइड, हायड्रॉक्साइड, नायट्रेट की बायकार्बोनेट? पुढच्या प्रत्येक पायरीवर हाच प्रश्न पुन्हा पुन्हा येणार आहे. नमुन्यातला ऋणायन मण्यावर जातो आणि मण्यावरचा तितक्याच इक्विव्हॅलंट प्रमाणात खाली उतरतो. म्हणजे मण्यावर काय होते हे माहीत नसेल, तर खाली जमलेल्या द्रावणात काय आहे हेही माहीत नसते.

१. हातातले रेझिन नेमके कोणते, ते आधी ठरवा

तीव्र आम्लारिधर्मी ऋणायन वर्गातली बहुतेक रेझिने पॉलिस्टायरीनची असतात. डायव्हिनाइलबेन्झीनने साखळ्या एकमेकींना जोडलेल्या असतात आणि त्यांवर चतुर्थक अमोनियम गट बांधलेले असतात. हा गट आम्ल, उदासीन आणि अल्कली अशा तिन्ही प्रकारच्या द्रावणांत धनभारित राहतो, म्हणून रेझिन सगळीकडे काम करते. गट ट्रायमेथिल अमोनियमचा असेल तर रेझिनला पहिला प्रकार म्हणतात आणि डायमेथिल इथेनॉल अमोनियमचा असेल तर दुसरा. पहिला प्रकार अधिक टिकाऊ असतो. दुसऱ्याचे पुनरुज्जीवन (वापरलेले रेझिन पुन्हा कामाच्या रूपात आणणे) कमी कॉस्टिकमध्ये, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात होते, पण तो उष्णतेला नाजूक असतो. अँबरलाइट आयआरए-४०० आणि डॉवेक्स १ ही पहिल्या प्रकारातली, तर अँबरलाइट आयआरए-४१० हे दुसऱ्या प्रकारातले. नावापुढे ‘एक्स-८’ असेल तर डायव्हिनाइलबेन्झीनचे प्रमाण ८ टक्के आहे, असा त्याचा अर्थ होतो.

हा फरक आपल्या भागात केवळ पुस्तकी राहत नाही. दुसऱ्या प्रकाराचे रेझिन हायड्रॉक्साइड रूपात असताना साधारण ३५ ते ४० अंश सेल्सिअसच्या वर ठेवू नये असे उत्पादक सांगतात, आणि एप्रिल-मे महिन्यांत सांगलीत पत्र्याच्या छपराखालची खोली ही मर्यादा दुपारीच ओलांडते. पहिल्या प्रकाराला हायड्रॉक्साइड रूपात सुमारे ६० अंशांपर्यंत चालते. क्लोराइड रूपात दोन्ही प्रकार याहून अधिक उष्णता सोसतात.

खरेदी करताना होणारा एक घोटाळा इथेच सांगतो. पाण्याची यंत्रे विकणाऱ्या दुकानात जाऊन नुसते ‘रेझिन द्या’ म्हटले, तर हातात बहुधा सॉफ्टनरचे रेझिन पडते. ते धनायन रेझिन असते आणि आपल्या कामाला त्याचा काही उपयोग नाही. ‘स्ट्राँग बेस अॅनायन, टाइप वन, क्लोराइड फॉर्म’ असे स्पष्ट सांगा आणि बिलावर तसे लिहून घ्या. पाणी शुद्धीकरणाचे रेझिन २५ लिटरच्या पोत्यात येते. विश्लेषणासाठी १०० किंवा ५०० ग्रॅमची बाटली घ्यावी आणि ती रसायन विक्रेत्याकडे आधी नोंदवून ठेवावी.

लेबल गळून पडलेली बाटली सापडली, तर रंगावरून अंदाज बांधू नका. चिमूटभर रेझिन पाण्याने धुऊन परीक्षानळीत घ्या, त्यावर अगदी फिकट निळे कॉपर सल्फेटचे द्रावण घाला आणि पाच मिनिटे हलवा. द्रावण रंगहीन झाले आणि मणी निळसर-हिरवे पडले, तर तांबे मण्यांनी धरले आहे आणि ते सॉफ्टनरचे धनायन रेझिन असण्याची शक्यता मोठी आहे. निळेपणा तसाच राहिला तर पुढे जा. ते तीव्र आहे की सौम्य हे ठरवण्याची कसोटी सहाव्या पायरीत दिली आहे.

२. जमवाजमव

कागदपत्रांपैकी तीन गोष्टी हाताशी हव्यात : उत्पादकाचे माहितीपत्रक (त्यात धारकता म्हणजे रेझिन किती आयन धरू शकते ते, ओलावा, मण्यांचा आकार आणि तापमानाची मर्यादा दिलेली असते), सुरक्षा माहितीपत्रक, आणि या रेझिनवर आजवर काय काय झाले त्याची नोंदवही. तिसरी गोष्ट बहुतेक ठिकाणी नसते. ती आजच सुरू करा.

साहित्यात तळाला तोटी असलेला, सुमारे दीड सेंटिमीटर आतील व्यासाचा काचेचा कॉलम लागेल. तो नसेल तर जुनी ५० मिलिलिटरची ब्युरेट चालते, पण ती अरुंद असल्याने वेळ जास्त लागतो. काचेची लोकर, विभाजन नरसाळे, ५०० मिलिलिटरचे मोजपात्र, परीक्षानळ्या, विश्लेषण दर्जाचे सोडियम हायड्रॉक्साइड, ०.१ नॉर्मल सिल्व्हर नायट्रेट, पातळ नायट्रिक आम्ल, फिनॉल्फ्थॅलीन, लिटमस आणि एक साधा वाहकता मीटर किंवा टीडीएस मीटर एवढे पुरे. चष्मा आणि हातमोजे यांत सूट नाही. एक नॉर्मल कॉस्टिक डोळ्यांत गेले तर होणारी इजा कायमची असू शकते.

३. पाणी तपासा, मगच पुढे जा

ही पायरी अनेक जण गाळतात. कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीतल्या बोअरचे पाणी जड असते आणि त्यात क्लोराइड, सल्फेट व बायकार्बोनेट भरपूर असतात. अशा पाण्यात कॉस्टिकचे द्रावण केले, तर कॅल्शियम कार्बोनेट आणि मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचा पांढरा गाळ तयार होऊन तो मण्यांच्या मधल्या जागेत अडकतो. आणि हायड्रॉक्साइड रूपात आणलेले रेझिन अशा पाण्याने धुतले, तर धुता धुताच ते पुन्हा क्लोराइड, सल्फेट आणि बायकार्बोनेटच्या रूपात जाते. मेहनत केलेली असते, नोंदवहीत ‘हायड्रॉक्साइड’ असे लिहिलेलेही असते, आणि मण्यांवर मात्र भलतेच असते.

म्हणून सगळी द्रावणे आणि सगळी धुणी ऊर्ध्वपातित किंवा डीएम (क्षार काढून टाकलेल्या) पाण्यानेच करावीत. बॅटरीच्या दुकानातले पाणी वापरायची वेळ आली, तर प्रत्येक कॅन वेगळा तपासा. परीक्षानळीत पाच मिलिलिटर पाणी घेऊन त्यात पातळ नायट्रिक आम्लाचे दोन थेंब आणि सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाका आणि काळ्या कागदासमोर धरून पाहा. जराही धुरकटपणा दिसला तर ते पाणी या कामाचे नाही. हायड्रॉक्साइड रूपासाठी पाणी आधी दहा मिनिटे उकळून, झाकून थंड केलेले असावे, म्हणजे त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो.

४. भिजवणे आणि बारीक कण काढणे

बाटलीतले रेझिन ओलसर असेल, तर बीकरमध्ये तिप्पट पाणी घालून ते रात्रभर ठेवावे. सकाळी काचेच्या कांडीने हलक्या हाताने ढवळा, मोठे मणी खाली बसू द्या आणि वर तरंगणारा गढूळ भाग ओतून टाका. वरचे पाणी स्वच्छ दिसेपर्यंत हे करत राहा. हे बारीक कण राहिले तर पुढे काचेच्या लोकरीत जाऊन बसतात आणि कॉलम थेंबही सोडत नाही. चुंबकी ढवळणी वापरू नका, तिच्या खाली मणी चिरडतात.

रेझिन पूर्ण वाळलेले असेल तर त्यावर थेट पाणी ओतू नका. कोरडे मणी पाण्यात इतक्या वेगाने फुगतात की त्यांना तडे जातात. आधी मिठाच्या संपृक्त द्रावणात भिजवा, दोन-तीन तासांनी ते द्रावण थोडे थोडे पातळ करत जा आणि शेवटी साध्या पाण्यावर या. कोरडे रेझिन काचेच्या कॉलममध्ये भरून वरून पाणी सोडण्याचा विचारही करू नका, कारण फुगणारे मणी कॉलम फोडू शकतात.

मणी राजगिऱ्यापेक्षाही बारीक आणि गोल असतात. फरशीवर सांडले तर त्यांवरून पाय सटकतो. सांडल्याबरोबर ओल्या फडक्याने टिपून घ्या आणि मगच पुढचे काम करा. सिंकमध्येही ते जाऊ देऊ नका, नळीच्या वळणात साठून राहतात.

५. कॉलम भरणे

कॉलमच्या तळाला काचेच्या लोकरीचा सैल बोळा ठेवा. घट्ट दाबलेला बोळा प्रवाह अडवतो. तोटी बंद करून कॉलम एक-तृतीयांश पाण्याने भरा आणि कांडीने बोळ्यातली हवा दाबून वर काढा. आता भिजलेले रेझिन थोड्या पाण्यात ढवळून नरसाळ्यातून एका धारेत ओता. थांबून थांबून ओतले तर थरावर थर बसतात आणि त्यांच्या सांध्यांत द्रावण वाट काढते. मणी खाली उतरत असताना कॉलमवर रबरी नळीच्या तुकड्याने हलके टकटक करा. २५ मिलिलिटर रेझिनचा थर दीड सेंटिमीटरच्या कॉलममध्ये साधारण १४ सेंटिमीटर उंच येतो. थराच्या वर कॉलमची निदान तेवढीच जागा मोकळी ठेवा, कारण क्लोराइडवरून हायड्रॉक्साइडवर जाताना रेझिन १५ ते २० टक्के फुगते आणि उलट, म्हणजे खालून वर पाणी सोडून, धुण्यासाठीही जागा लागते. भरून झाल्यावर थराच्या वर लोकरीचा पातळ तुकडा ठेवला, तर वरून ओतलेल्या द्रावणाने मणी उडत नाहीत.

यापुढचा नियम एकच आणि त्याला अपवाद नाही : द्रावणाची पातळी थराच्या वर कायम दोन सेंटिमीटर राहिलीच पाहिजे. पातळी खाली गेली तर मण्यांमध्ये हवा शिरते, तिचे बुडबुडे वाट अडवतात, द्रावण एखाद्याच फटीतून खाली पळते आणि उरलेले रेझिन नुसते बघत बसते. असे झालेच तर वरून पाणी ओतून काही साधत नाही. तोटीला रबरी नळी जोडून खालून वर पाणी सोडा, सगळा थर मोकळा होऊन बुडबुडे निघून जाऊ द्या आणि मग तो पुन्हा बसू द्या. जेवायला जाताना तोटी बंद आहे का, हे हाताने तपासून मगच जा. तोटीला जोडलेल्या नळीचे टोक थराच्या माथ्यापेक्षा उंच वळवून ठेवले, तर विसर पडला तरी कॉलम कोरडा पडत नाही. नव्या माणसाने ही सोय पहिल्या दिवसापासून करावी.

६. क्लोराइड रूपातून हायड्रॉक्साइड रूपात

बाजारातले रेझिन बहुधा क्लोराइड रूपात येते. हायड्रॉक्साइड रूप हवे असेल तर ते स्वतः करावे लागते, आणि सर्वांत जास्त काम याच पायरीवर बिघडते. कारण रेझिनच्या आवडीनिवडीत आहे. पहिल्या प्रकारच्या रेझिनची हायड्रॉक्साइडवरची ओढ १ धरली, तर बायकार्बोनेटची सुमारे ६, क्लोराइडची २२, ब्रोमाइडची ५०, नायट्रेटची ६५ आणि आयोडाइडची १७५ येते. म्हणजे क्लोराइड घट्ट बसलेला असतो आणि त्याला उठवण्यासाठी हायड्रॉक्साइडचा मोठा लोंढा सोडावा लागतो.

हिशेब करून पाहा. ओल्या रेझिनची धारकता मिलिलिटरला साधारण १.३ मिलिइक्विव्हॅलंट असते, म्हणजे २५ मिलिलिटर रेझिनवर सुमारे ३२ मिलिइक्विव्हॅलंट क्लोराइड बसलेला आहे. कागदावर ३२ मिलिलिटर एक नॉर्मल कॉस्टिक पुरायला हवे. प्रत्यक्षात रेझिनच्या वीसपट, म्हणजे ५०० मिलिलिटर लागते, आणि हे गरजेच्या पंधरापट झाले. त्यासाठी २० ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवून ५०० मिलिलिटर करा. बाटली उघडी राहून ज्या गोळ्यांवर पांढरी भुकटी चढली आहे त्या घेऊ नका. ती भुकटी कार्बोनेटची असते आणि कार्बोनेट मण्यांवर जाऊन बसतो.

प्रवाह छेदाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरला मिनिटाला सुमारे दोन मिलिलिटर ठेवा. दीड सेंटिमीटरच्या कॉलमला हा वेग मिनिटाला साधारण साडेतीन मिलिलिटर येतो, म्हणजे सेकंदाला एकाहून थोडे जास्त थेंब. ५०० मिलिलिटरला अडीच तास लागतील. घाई करण्यात काही हशील नाही, कारण क्लोराइडला मण्याच्या गाभ्यातून बाहेर यायला वेळ लागतो. काम सकाळी लावा, म्हणजे धुणेही त्याच दिवशी होते. कॉस्टिक जाताना माशासारखा हलका वास येईल. तो ट्रायमेथिल अमीनचा असतो आणि थोडा असेल तर चिंता नको. वास उग्र असेल तर रेझिन उष्णतेने किंवा वयाने विघटित होऊ लागले आहे.

काम पूर्ण झाले का, हे घड्याळावरून ठरवू नका, परीक्षानळीवरून ठरवा. तोटीखाली परीक्षानळी धरून दोन मिलिलिटर द्रावण घ्या. त्यात आधी पातळ नायट्रिक आम्ल थेंबथेंब घाला आणि निळा लिटमस लाल झाल्यावरच सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाका. आम्ल न घालता सिल्व्हर नायट्रेट टाकले तर सिल्व्हर ऑक्साइडचा तपकिरी गाळ येतो आणि त्याखाली क्लोराइड आहे की नाही हे कळत नाही. सुरुवातीच्या नळीत दह्यासारखा दाट पांढरा साका बसेल, मग दुधाळपणा राहील, मग नुसता धूसरपणा. आता दुसऱ्या नळीत कॉलममधून न गेलेले तेच कॉस्टिक घ्या आणि त्यावर हेच करा. कॉस्टिकमध्येही क्लोराइडचा अंश असतो, म्हणून ‘अजिबात धूसरपणा नाही’ याची वाट पाहत बसलात तर ती संपणारच नाही. दोन्ही नळ्या काळ्या कागदासमोर सारख्या दिसल्या, की रूपांतर पुरे झाले. आणि सिल्व्हर नायट्रेट कॉलममध्ये कधीही ओतू नका. सिल्व्हर क्लोराइडचा गाळ मण्यांतच बसेल आणि नंतर उजेडाने काळा पडेल.

मग उकळून गार केलेल्या पाण्याने धुवा. पहिले दोन-तीन थर-आकारमान (रेझिनच्या थराच्या दोन-तीन पट) पाणी कॉस्टिकच्याच वेगाने आणि त्यानंतरचे थोडे वेगाने सोडले तरी चालते. खाली येणाऱ्या पाण्यात फिनॉल्फ्थॅलीनचा थेंब टाकून गुलाबी छटा दिसेनाशी होईपर्यंत धुवा. सहसा रेझिनच्या चार ते दहापट पाणी लागते. हे रूप हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेते, म्हणून त्याच दिवशी वापरावे.

इथेच ती राहिलेली कसोटी घेऊन टाका. धुतलेल्या रेझिनचा चमचाभर भाग परीक्षानळीत घेऊन त्यावर मिठाचे उदासीन द्रावण आणि फिनॉल्फ्थॅलीन घाला. रेझिन तीव्र आम्लारिधर्मी असेल तर ते मिठाचे विभाजन करते, क्लोराइड मण्यावर जातो, सोडियम हायड्रॉक्साइड द्रावणात येते आणि गडद गुलाबी रंग उमटतो. सौम्य रेझिन हे करू शकत नाही, तिथे रंग येत नाही किंवा जेमतेम येतो. जुन्या रेझिनचे तीव्र गट किती उरले आहेत हेही याच क्रियेने मोजता येते. वजन केलेल्या रेझिनवरून मिठाचे द्रावण भरपूर सोडा आणि खाली जमलेले अल्कली प्रमाणित आम्लाने टायट्रेट करा.

७. धारकता मोजणे

क्लोराइड रूपातले, पाण्याने नीट धुतलेले आणि हवेत सुकवलेले सुमारे एक ग्रॅम रेझिन अचूक वजन करून घ्या. भिजवून छोट्या कॉलममध्ये भरा, त्यातून ०.२५ मोलर सोडियम नायट्रेटचे सुमारे २४० मिलिलिटर द्रावण मिनिटाला दोन मिलिलिटर वेगाने सोडा आणि सगळे २५० मिलिलिटरच्या मोजपात्रात जमवून खुणेपर्यंत भरा. पोटॅशियम क्रोमेट दर्शक घालून २५ मिलिलिटरचे भाग सिल्व्हर नायट्रेटने टायट्रेट करा. पूर्ण कोरड्या रेझिनच्या ग्रॅममागे ३ ते ४ मिलिइक्विव्हॅलंटच्या आसपास उत्तर आले तर ते पटण्यासारखे आहे. हवेत सुकवलेल्या रेझिनमध्ये ओलावा उरतो, म्हणून उत्तर कमी दिसते. ओलावा वेगळ्या नमुन्यावर मोजून दुरुस्ती करा. त्यासाठी ओव्हनमध्ये क्लोराइड रूपच ठेवावे, हायड्रॉक्साइड रूप कधीही नाही.

८. जस्त आणि मॅग्नेशियम वेगळे करणे

या रेझिनचे सामर्थ्य विद्यार्थ्याला खरे कळते ते या प्रयोगात. धातूचे आयन धनभारित असतात, मग ते ऋणायन रेझिनवर बसतीलच कसे? २ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात जस्त क्लोराइडला धरून ऋणभारित संकुल बनवते, मॅग्नेशियम बनवत नाही. म्हणून जस्त वर अडते आणि मॅग्नेशियम सरळ खाली येते. क्राउस आणि मूर यांनी १९५३ मध्ये याच तत्त्वावर सहा धातू एका कॉलममधून एकामागून एक उतरवून दाखवले : आम्ल १२ मोलर असताना निकेल, ६ ला मँगनीज, ४ ला कोबाल्ट, २.५ ला तांबे, ०.५ ला लोह, आणि ०.००५ मोलरवर आणल्यावर जस्त.

आपल्या कॉलममध्ये रेझिन क्लोराइड रूपात हवे. त्यातून आधी २ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल सोडून घ्या. नमुनाही २ मोलर आम्लातच करून वर घाला आणि मग २ मोलर आम्लाच्या सुमारे ५० मिलिलिटरने मॅग्नेशियम उतरवा. पात्र बदला, थोडे पाणी सोडा आणि ०.२५ मोलर नायट्रिक आम्लाच्या सुमारे ८० मिलिलिटरने जस्त उतरवा. पात्र बदलण्याआधी खालचे दोन थेंब टाइलवर घेऊन अमोनियाने उदासीन करा, पीएच १० चे बफर आणि एरिओक्रोम ब्लॅक टी घाला. निळा रंग आला तर धातू संपला, लालसर जांभळा आला तर अजून उतरतो आहे. दोन्ही भाग उदासीन करून ईडीटीएने टायट्रेट करा. आम्ल उदासीन न करता थेट बफर घातले, तर बफर कोलमडते आणि अंतिम बिंदू सापडत नाही.

प्रयोग संपल्यावर या कॉलममधले रेझिन नायट्रेट रूपात असते, आणि इथेच पुढच्या तुकडीसाठी सापळा तयार होतो. नोंदवहीत काही लिहिले नसेल, तर पुढचा विद्यार्थी ते क्लोराइड रूप समजून धारकता मोजायला घेतो आणि उत्तर निम्म्याहूनही कमी येते. काम झाल्याबरोबर १० टक्के मिठाचे द्रावण भरपूर सोडून रेझिन क्लोराइडवर आणा. नायट्रेटची ओढ क्लोराइडच्या सुमारे तिप्पट असल्याने इथे कंजूषी करू नये.

९. विहिरीच्या पाण्यातील नायट्रेटवर काम करणार असाल तर

उसाच्या पट्ट्यात खतांमुळे विहिरींत नायट्रेट वाढतो, म्हणून आपल्याकडचे विद्यार्थी प्रकल्पासाठी हा विषय आवर्जून घेतात. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक आयएस १०५०० नुसार नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. क्लोराइड रूपातले रेझिन नायट्रेट धरते, पण अशा पातळ पाण्यात साधे रेझिन सल्फेटला नायट्रेटपेक्षाही आधी पसंती देते. त्यामुळे कॉलम क्षमतेपलीकडे चालवला, तर मागून येणारा सल्फेट आधी धरलेल्या नायट्रेटला ढकलून देतो आणि बाहेर पडणाऱ्या पाण्यातला नायट्रेट मूळ पाण्यापेक्षा जास्त होतो. म्हणून सल्फेट आधी मोजा, दर ठरावीक आकारमानाला नमुना घ्या आणि नायट्रेट दिसू लागताच कॉलम थांबवा. फक्त सुरुवातीचा आणि शेवटचा नमुना तपासून निष्कर्ष लिहिणे या विषयात धोक्याचे आहे, कारण ते पाणी कोणाच्या तरी घरात पिण्यासाठी जाऊ शकते.

१०. नायट्रिक आम्लाचा धोका

हा धोका वेगळ्या मथळ्याखाली मुद्दाम घेतला आहे. तीव्र नायट्रिक आम्ल आणि ऋणायन रेझिन यांचा संयोग भडकू शकतो आणि बंद जागेत स्फोट होऊ शकतो. वर सांगितलेले ०.२५ मोलर आम्ल सुरक्षित आहे. तीव्र आम्ल कॉलममध्ये ओतणे, आम्ल भरून कॉलम रात्रभर बंद ठेवणे किंवा नायट्रेट रूपातले रेझिन वाळवून तापवणे, यांतले काहीही करू नका. परमँगनेट, पेरॉक्साइड आणि नळाच्या पाण्यातला क्लोरीनही मण्यांचे नुकसान करतात.

११. रेझिन थकते तेव्हा, आणि साठवण

रस, मळी किंवा माती यांचे नमुने हाताळणाऱ्या प्रयोगशाळेत मणी हळूहळू तपकिरी होतात आणि धुण्याला पूर्वीपेक्षा खूप जास्त पाणी लागू लागते. मोठे सेंद्रिय ऋणायन मण्यांत अडकल्याची ही खूण आहे. १० टक्के मीठ आणि २ टक्के कॉस्टिक यांचे एकत्र द्रावण सुमारे ४० अंशांपर्यंत कोमट करून त्यात रेझिन काही तास भिजवा, ओतून टाका आणि रंग येणे कमी होईपर्यंत पुन्हा करा. दुसऱ्या प्रकारच्या रेझिनला कोमट न करता हेच करावे. कॉस्टिक असल्यामुळे मण्यांवर थोडा हायड्रॉक्साइडही बसतो, तेव्हा शेवटी नुसत्या मिठाच्या द्रावणाने रेझिन क्लोराइडवर आणून धुवा. यानेही धारकता परत आली नाही, तर ते रेझिन विश्लेषणातून काढून टाका. क्रोमेट किंवा जड धातू धरलेले रेझिन साध्या कचऱ्यात टाकू नये, ते झाकणाच्या डब्यात वेगळे जमवून घातक कचऱ्याच्या अधिकृत व्यवस्थेकडे द्यावे.

साठवताना रेझिन क्लोराइड रूपात, ओले आणि १० टक्के मिठाच्या द्रावणात बुडालेले असावे. मिठामुळे शेवाळ आणि बुरशी धरत नाही. बाटली प्लास्टिकची, घट्ट झाकणाची आणि खिडकीपासून लांब ठेवा. लेबलवर रेझिनचे नाव, प्रकार, सध्याचे रूप, रूपांतराची तारीख, मागचा वापर आणि शेवटची मोजलेली धारकता पेन्सिलीने लिहा. शाई ओल्या हाताने पुसली जाते.